इव्हेंट लॉग खराब झाला? फाइल दुरुस्त करत बसू नका, नोंदी बाहेर काढा

विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडला, डावीकडच्या ‘सिस्टीम’वर क्लिक केलं आणि नोंदींऐवजी ‘इव्हेंट लॉग फाइल खराब झाली आहे’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश आला, की बहुतेक ऑफिसांत पुढची गोष्ट ठरलेली असते. कुणीतरी राइट क्लिक करून ‘क्लिअर लॉग’ दाबतं. संदेश जातो, लॉग कोरा होतो, नव्या नोंदी पडायला लागतात आणि सगळे म्हणतात, झालं काम. पण ज्या रात्री काय घडलं हे बघायला लॉग उघडला होता, त्या रात्रीचं उत्तर त्याच फाइलमध्ये होतं आणि आता ते गेलं.

नाशिकमध्ये संगणकांची एएमसी बघताना, सातपूर-अंबडचं वर्कशॉप असो की गंगापूर रोडवरचा दवाखाना, हा संदेश पावसाळ्यात जास्त भेटतो. कारण सरळ आहे: लाईट. जाते, येते, पुन्हा जाते आणि यूपीएसच्या बॅटऱ्या शेवटच्या कधी बदलल्या हे कुणालाच आठवत नसतं.

आधी लॉग म्हणजे काय ते थोडक्यात. विंडोज स्वतःच्या कारभाराची नोंद ठेवत असतं: मशीन कधी सुरू झालं, कोणती सर्व्हिस पडली, कोण लॉगिन झालं, कुणाचा पासवर्ड चुकला, डिस्क कुठे अडखळली. प्रत्येक प्रकारच्या घटनेला एक क्रमांक असतो, इव्हेंट आयडी. ४६२४ म्हणजे लॉगिन झालं, ४६२५ म्हणजे झालं नाही. ६००५ म्हणजे लॉगची सर्व्हिस सुरू झाली, ६००६ म्हणजे ती रीतसर बंद झाली, आणि ६००८ म्हणजे मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झालंच नव्हतं. एरवी या नोंदींकडे कुणी ढुंकून बघत नाही. टॅलीतला डेटा कुणी उडवला, पिंपळगावच्या कोल्ड स्टोरेजमधलं तापमान नोंदवणारं सॉफ्टवेअर पहाटे गप्प का झालं, असा प्रश्न आला की मात्र सगळ्यांना लॉग हवा असतो, आणि तोही आत्ताच्या आत्ता.

या नोंदी सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरात, सिस्टीम-३२ मधल्या ‘विनईव्हीटी’च्या आत ‘लॉग्ज’ नावाच्या फोल्डरात असतात. फाइलींचं एक्स्टेंशन ईव्हीटीएक्स. व्हिस्टापासून आजपर्यंत हाच साचा चालत आला आहे. त्या फोल्डरात एकदा सहज डोकावून बघा. ढीगभर फाइली दिसतील आणि त्यांतल्या कितीतरी अगदी ६८ केबीच्या असतील. काही १,०२८ केबीच्या. भरलेली सिस्टीम किंवा सिक्युरिटीची फाइल साध्या पीसीवर बहुधा २०,४८४ केबीची. हे आकडे असेच का, हे कळलं की अर्धा विषय कळला.

यातल्या कोणत्याही आकड्यातून ४ वजा करा. उरलेल्याला ६४ नं भाग जातो. फाइलच्या सुरुवातीचे ४ केबी म्हणजे हेडर, आणि त्यापुढे ६४ केबीचा एक, असे एकामागोमाग एक चंक. ६८ केबीच्या फाइलमध्ये एकच चंक, २०,४८४ केबीच्या फाइलमध्ये ३२०. हेडरच्या ४,०९६ बाइट्सपैकी प्रत्यक्ष वापरात फक्त पहिले १२८ असतात. त्यांत काय? पहिला चंक कोणता, सध्या कोणत्या चंकात लिहिणं चालू आहे, पुढच्या नोंदीला कोणता क्रमांक द्यायचा, एकूण चंक किती, असली माहिती. खुद्द घटनांपैकी एकही हेडरमध्ये नसते.

रविवार कारंजावरच्या जुन्या पेढीतली रोजकीर्द डोळ्यांसमोर आणा. पुठ्ठ्यावर वर्ष आणि पानांची संख्या लिहिलेली. आत प्रत्येक पानाच्या तळाला त्या पानाची बेरीज. पुठ्ठा फाटला म्हणून आतला हिशोब बुडत नाही. मधलं एक पान भिजून शाई फुटली, तर त्या पानाची बेरीज लागणार नाही, पण पुढच्या-मागच्या पानांची लागेल. ईव्हीटीएक्सचा चंक हे असं पान आहे. त्याचं स्वतःचं ५१२ बाइट्सचं हेडर असतं, त्यात पहिल्या आणि शेवटच्या नोंदीचा क्रमांक असतो आणि तळाच्या बेरजेच्या जागी सीआरसी-३२ नावाचा चेकसम. एकही बाइट बदलला तर हा आकडा जुळत नाही.

इव्हेंट व्ह्यूअरचा स्वभाव मात्र फार कडक आहे. हेडरमध्ये किंवा एखाद्या चंकात गडबड दिसली की तो बऱ्याचदा अख्खी फाइलच उघडायला नकार देतो. म्हणजे ३२० चंकांपैकी एक बिघडला, तरी ‘फाइल खराब आहे’ हा एकच निकाल. बाकीच्या ३१९ चंकांत सगळं जिथल्या तिथे असू शकतं.

आता नोंद जवळून बघू. एखाद्या हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलचे बाइट्स जसेच्या तसे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, फाइल उघडलीत, तर अगदी सुरुवातीला ‘एल्फफाइल’ ही इंग्रजी अक्षरं दिसतात. ४,०९६ बाइट्स पुढे गेलात की ‘एल्फचंक’ची खूण, त्यातला ‘चंक’ इंग्रजी चार व्यंजनांत आवळलेला. त्या चंकाचं ५१२ बाइट्सचं हेडर ओलांडलं की पहिली नोंद, आणि तिची सुरुवात दोन स्टारनं होते, आणि पाठोपाठ दोन शून्य बाइट्स. नंतर ४ बाइट्समध्ये नोंदीची लांबी, ८ बाइट्समध्ये तिचा अनुक्रमांक, ८ बाइट्समध्ये वेळ, मग मुख्य मजकूर आणि सगळ्यात शेवटी पुन्हा एकदा तीच लांबी. लांबी दोनदा लिहिण्याचा फायदा असा, की पुढून मोजत जा किंवा मागून, नोंद पुरी आहे की तुटलेली हे लगेच समजतं. ढिगाऱ्यातून नोंदी वेचायच्या वेळी हाच धागा कामाला येतो: दोन स्टार शोधा, लांबी वाचा, तेवढे बाइट्स पुढे जा, तिथे तीच लांबी पुन्हा सापडली तर नोंद शाबूत.

मुख्य मजकूर साधा वाचता येईल असा नसतो. तो बायनरी एक्सएमएल असतो, आणि जागा वाचवायला विंडोज एक युक्ती करतं. एकाच प्रकारची नोंद चंकात पहिल्यांदा येते तेव्हा तिचा पूर्ण साचा, म्हणजे टेम्प्लेट, लिहिला जातो. पुढच्या तशाच नोंदी ‘साचा अमुक ठिकाणी आहे, माझ्या रिकाम्या जागा या अशा भरा’ एवढंच सांगतात. यातली मेख अशी, की साच्याचा हा संदर्भ कधीच चंकाबाहेर जात नाही. प्रत्येक ६४ केबीत स्वतःचे साचे असतात. म्हणून एक चंक डिस्कवर एकटाच सापडला तरी तो पूर्ण वाचता येतो. आणि म्हणूनच चंकाच्या सुरुवातीचा भाग गेला, तर पुढच्या नोंदी हाती लागूनही अर्ध्या मुक्या राहतात: युजरचं नाव आणि आयपी दिसतो, पण कोणतं मूल्य कशाचं हे अंदाजानं किंवा दुसऱ्या चंकातला साचा लावून ठरवावं लागतं.

अजून एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये आपण जी वाक्यं वाचतो, ती लॉगच्या फाइलमध्ये नसतातच. फाइलमध्ये असतो इव्हेंट आयडी आणि मूल्यं. वाक्य येतं ते त्या-त्या सॉफ्टवेअरच्या डीएलएल फाइलमधून. त्यामुळे ग्राहकाकडची फाइल आपल्या लॅपटॉपवर आणून उघडली आणि ‘या इव्हेंटचं वर्णन सापडत नाही’ असं आलं, तर लॉग खराब झाला असं समजू नका. ते सॉफ्टवेअर तुमच्याकडे नाही, एवढाच त्याचा अर्थ.

बिघाड कसा होतो? लाईट जाणं हे पहिलं आणि सगळ्यात मोठं कारण. नवी नोंद आली की ती आधी मेमरीत राहते, थोड्या वेळानं डिस्कवर उतरते. मधल्या काळात वीज गेली तर एनटीएफएस फाइल सिस्टीम स्वतःचा हिशोब सावरते, म्हणजे फाइल कुठे आहे, केवढी आहे वगैरे. आतला मजकूर सावरण्याची हमी मात्र ती घेत नाही. मग फाइल वाढलेली दिसते आणि वाढलेल्या भागात नुसती शून्यं असतात. दुसरं कारण डिस्कचे बॅड सेक्टर. तिसरं, चालू मशीनवरून फाइल नुसती कॉपी करणं. या तिसऱ्यात खरं तर काहीच बिघडलेलं नसतं. फाइल वापरात असताना हेडरवर ‘डर्टी’ अशी खूण लावलेली असते, आणि तुम्ही त्या खुणेसकट कॉपी केलेली असते.

जुन्या विंडोजमध्ये, म्हणजे एनटी, एक्सपी आणि २००३ सर्व्हरमध्ये, ही अडचण फारच होती, आणि अंबडच्या काही मशीनांच्या कंट्रोलरला जोडून एक्सपी अजूनही चालू असल्यानं ती सांगायला हवी. तिथली फाइल ईव्हीटी, साचा पूर्ण वेगळा. चंक नाहीत, ४८ बाइट्सचं हेडर, आणि ताजे आकडे हेडरमध्ये लिहिलेच जात नाहीत. ते असतात नोंदींच्या शेवटी फिरत्या फूटरमध्ये. मशीन रीतसर बंद झालं तरच फूटरचे आकडे हेडरमध्ये उतरतात. फूटर ओळखायची खूण हेक्समध्ये लख्ख दिसते: चार वेळा ११, चार वेळा २२, चार वेळा ३३, चार वेळा ४४. त्यापुढचे १६ बाइट्स उचलून हेडरमध्ये त्यांच्या जागी ठेवले आणि ‘डर्टी’चा बिट काढला, की मेलेली वाटणारी फाइल उघडते. अर्थात हे सगळं कॉपीवर.

आता खरं काम. पहिला नियम: मूळ फाइलला हात लावायचा नाही. डिस्क ठणठणीत असेल तर अख्खा ‘लॉग्ज’ फोल्डर कॉपी करा, नुसती बिघडलेली फाइल नव्हे. का, ते पुढे येईलच. त्या फोल्डरात नावापुढे ‘करप्ट’ असं शेपूट लागलेली एखादी फाइल आहे का, तेही बघा. लॉगची सर्व्हिस सुरू होताना तिला फाइल खराब आढळली, तर ती कधी कधी स्वतःच नाव बदलून ती बाजूला ठेवते आणि नवी फाइल सुरू करते. चालू मशीनवर कॉपी करताना ‘फाइल वापरात आहे’ म्हणून नकार आला, तर मशीन बंद करून लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून सुरू करा आणि तिथून कॉपी घ्या. जे लॉग नीट उघडताहेत ते विंडोजच्याच वेव्हट-युटिल कमांडनं एक्सपोर्ट करूनही ठेवा.

डिस्कच कुरकुरत असेल तर कॉपीच्या आधी अख्ख्या डिस्कची इमेज घ्यायची, डीडी-रेस्क्यूसारख्या हत्यारानं, आणि ‘चेकडिस्क’ चालवायचं नाही. चेकडिस्कबद्दल आपल्याकडे भलताच भक्तिभाव आहे. तिचं काम फाइल सिस्टीमची घडी बसवणं, तुमच्या नोंदी वाचवणं नव्हे, आणि घडी बसवताना ती फाइल कापूही शकते. शॅडो कॉपी, म्हणजे विंडोजनं स्वतः काढून ठेवलेल्या जुन्या प्रती, चालू असतील तर त्यातही डोकावा. कालची न बिघडलेली फाइल तिथे आयती मिळून जाते.

कॉपी घेतली की तिचा हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा ओळखीचा आकडा, काढा, पॉवरशेलची एक ओळ पुरते. मग त्या कॉपीची आणखी एक कॉपी काढून तिच्यावर काम. इथे शीर्षकातला मुद्दा येतो. फाइल ‘दुरुस्त’ करून इव्हेंट व्ह्यूअरमध्ये उघडवण्याच्या नादी लागू नका. फाइल उघडली याचा अर्थ सगळं आलं असा होत नाही, आणि दुरुस्त करताना तुम्ही काय बदललंत हे नंतर कुणाला पटवून देता येत नाही. त्यापेक्षा फाइल आहे तशी ठेवून तिच्यातून नोंदी वाचून घेणारं हत्यार वापरा. व्हिस्टा नवं असतानाच, २००७मध्ये, जर्मनीच्या अँड्रियास शुस्टर यांनी हा साचा उलगडून मांडला, त्यामुळे आज अशी मोफत हत्यारं बरीच आहेत. एरिक झिमरमन यांचं ईव्हीटीएक्स-ई-सीएमडी, विली बॅलेंथिन यांचं पायथॉन-ईव्हीटीएक्स, जोआखिम मेट्झ यांची लिब-ईव्हीटीएक्स. इव्हेंट व्ह्यूअरसारखी एका खराब पानापायी ती अख्खी वही मिटत नाहीत. जे चंक वाचता येतात ते वाचतात आणि नोंदी सीएसव्ही किंवा एक्सएमएलमध्ये काढून देतात. फाइलच गायब असेल, कुणी डिलीट केली असेल, तर बॅलेंथिन यांचंच ईव्हीटीएक्स-ट्रॅक्ट डिस्कच्या इमेजमधून चंक आणि सुट्या नोंदी हुडकतं. फिरत्या हार्डडिस्कवर याला चांगलं यश येतं. एसएसडीवर ट्रिम ही जागा साफ करणारी सोय चालू असेल तर डिलीट झालेली जागा लवकरच खरोखर रिकामी होते, तिथे फार आशा धरू नये.

अंबडमधल्या एका वर्कशॉपचं उदाहरण सांगतो. सकाळी शेठ आले तर सर्व्हर रात्रीतून बंद होऊन पुन्हा सुरू झालेला, डेटाबेस अडकलेला. त्यांचा संशय रात्रपाळीच्या सुपरवायझरवर. सिस्टीम लॉग उघडेना. कॉपी काढून पार्सरमधून, म्हणजे वर सांगितलेल्या वाचणाऱ्या हत्यारातून, नोंदी काढल्या, तर शेवटाकडचा एक चंक पूर्ण शून्यांनी भरलेला, त्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं सगळं व्यवस्थित. पलीकडच्या पहिल्या काही नोंदींतच ६००८ होती आणि तिच्या जोडीला कर्नल-पॉवरची ४१. म्हणजे मशीन रीतसर बंद झालं नव्हतं. मी वेळ वाचून दाखवली, २०:४७, तर शेठ उसळले, “अहो, पावणेनऊला तर मीच ऑफिसात बसलो होतो!”

बरोबर होतं त्यांचं. ईव्हीटीएक्समधली वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेत, असते, १ जानेवारी १६०१ पासून १०० नॅनोसेकंदांच्या घरांत मोजलेली. इव्हेंट व्ह्यूअर ती दाखवताना आपल्या वेळेत बदलून देतो, पार्सर बहुधा देत नाही. साडेपाच तास मिळवले की रात्रीचे २:१७ होतात, आणि तारीखही पुढची लागते. लॉग वाचताना सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

सुपरवायझरनं स्टार्ट मेनूतून शटडाउन केलं असतं, तर १०७४ क्रमांकाची नोंद युजरच्या नावासकट पडली असती. ती नव्हती. पण थांबा, एक चंक कोरा होता. त्या भोकात १०७४ असूच शकत नाही असं कशावरून? सापडली नाही म्हणून घडलं नाही, असं तुटक्या लॉगवरून म्हणता येत नाही. म्हणून ४१ च्या नोंदीकडे वळलो. रीतसर शटडाउन झालं असतं तर ४१ आणि ६००८ पडल्याच नसत्या. ४१ च्या आत काही मूल्यं असतात. बगचेक कोड शून्य होता, म्हणजे निळी स्क्रीन येऊन मशीन पडल्याची खूण नव्हती. पॉवर बटणाचा टाइमस्टॅम्पही शून्य, म्हणजे कुणी बटण दाबून धरल्याचंही दिसत नव्हतं. उरली वीज. पण वीज लाईनवरून गेली की कुणी प्लग ओढला, हे सर्व्हरचा लॉग सांगूच शकत नाही. दोन्हींची नोंद हुबेहूब सारखी पडते.

उत्तर मिळालं शेजारून. ऑफिसातला एक डेस्कटॉप रात्री चालूच ठेवलेला होता, त्याच्याही लॉगमध्ये ६००८, वेळ तीच. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमध्ये ‘पॉवर ऑन’ची नोंद होती, फक्त डीव्हीआरचं घड्याळ काही मिनिटं पुढे होतं. तेवढा फरक वजा केला की जुळत होती. तीन वेगवेगळ्या खोल्यांतली मशीनं एका वेळी गेली, म्हणजे प्लगचा प्रश्न मिटला. सुपरवायझर सुटला, यूपीएस अडकला.

अख्ख्या फोल्डराची कॉपी घ्या असं वर म्हटलं त्याचं कारणही हेच. सिस्टीम लॉगच्या भोकातली वेळ सिक्युरिटी लॉगमध्ये शाबूत असू शकते. टास्क शेड्युलर, रिमोट डेस्कटॉप, पॉवरशेल, प्रत्येकाचा वेगळा लॉग असतो. अनुक्रमांकही मदत करतात. काढलेल्या नोंदी क्रमांकानं लावल्या की मधल्या किती गेल्या हे अचूक समजतं, आणि ते आकडे अहवालात लिहून टाकायचे: या क्रमांकापासून या क्रमांकापर्यंतच्या नोंदी मिळाल्या नाहीत. हे लिहायला लोक का लाजतात कोण जाणे. गाळलेलं भोक नंतर दुसऱ्या कुणी दाखवलं, की बाकीच्या खऱ्या नोंदींवरही विश्वास उरत नाही.

इथवर आपण अपघातानं झालेल्या बिघाडाचं बोललो. मुद्दाम केलेला वेगळा. कुणी सिक्युरिटी लॉग क्लिअर केला तर विंडोज ११०२ ही नोंद टाकतं, इतर लॉगसाठी सिस्टीममध्ये १०४. म्हणजे पुसल्याचीही नोंद राहते. पण सीआरसी-३२ म्हणजे कुलूप नव्हे. अपघात पकडायला तो ठीक आहे, जाणकार माणूस नोंद बदलून आकडा नव्यानं काढून ठेवू शकतो. २०१७च्या एप्रिलमध्ये शॅडो ब्रोकर्स या टोळीनं अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेची म्हणून ओळखली जाणारी हत्यारं उघड्यावर टाकली. त्यांत इव्हेंट लॉगमधून हवी ती एकच नोंद गायब करणारं एक हत्यार होतं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नेदरलँड्सच्या फॉक्स-आयटी कंपनीनं त्याची युक्ती उघड केली. ते हत्यार नोंद पुसतच नव्हतं. नको असलेल्या नोंदीच्या आधीच्या नोंदीची लांबी वाढवून ठेवायचं, म्हणजे वाचणारा प्रोग्रॅम मधली नोंद ओलांडून सरळ पुढे जायचा. पुढच्या नोंदींचे अनुक्रमांक नीट लावायचे, चेकसम नवे काढायचे, सगळं कसं साजूक. पण लपवलेली नोंद जिथल्या तिथेच पडून असायची. ती कशी शोधली? एका नोंदीच्या पोटात पुन्हा दोन स्टार सापडतात का, ते बघून. म्हणजे लाईट गेल्यावर नोंदी वेचायची जी पद्धत, तीच इथेही चालली.

लिनक्सवाल्यांसाठी दोन ओळी. सिस्टीम-डीचं जर्नलही बायनरी असतं. मशीन अचानक बंद पडलं आणि फाइल अर्धवट राहिली, तर ते तिच्या नावाच्या शेवटी ~ लावून ती बाजूला ठेवतं आणि नवी सुरू करतं. जर्नल-सीटीएल बाजूला ठेवलेल्या फाइलीतूनही जमेल तेवढं वाचतं, आणि त्यातच तपासणीची सोय आहे. माझ्या मते ही वागणूक विंडोजपेक्षा शहाणी. साध्या टेक्स्ट लॉगमध्ये लाईट गेल्यावर मध्येच शून्य बाइट्स घुसतात आणि मजकूर शोधणारा ग्रेप ‘ही बायनरी फाइल आहे’ म्हणून हात वर करतो. त्याला ‘टेक्स्ट समजूनच वाच’ असा पर्याय दिला की काम होतं.

कायद्याची बाजू छोट्या कंपन्यांनाही लागू होते, हे पुष्कळांच्या गावी नसतं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आपल्या सिस्टीमचे लॉग चालू १८० दिवसांचे जपून ठेवायचे आहेत, आणि सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची आहे. घड्याळं सरकारी वेळेशी जुळवून ठेवा, असंही त्यात आहे. डीव्हीआरचा किस्सा वाचल्यावर ते का, हे वेगळं सांगायला नको. प्रकरण कोर्टात गेलं तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ येतं. त्याच्या प्रमाणपत्रात हॅश लिहावा लागतो. पहिल्याच दिवशी मूळ कॉपीचा हॅश काढून ठेवला असेल तर हा कागद भरणं सोपं, नाहीतर नोंदी खऱ्या असूनही वकिलासमोर त्रेधा उडते.

पुढच्या पावसाळ्याआधी करण्यासारखं फार नाही, पण जे आहे ते स्वस्तातलं आहे. यूपीएसची यूएसबी वायर सर्व्हरला जोडा. बॅटरी उतरली की मशीन रीतसर बंद होईल आणि ६००८ च्या जागी ६००६ दिसेल. बहुतेक ठिकाणी ही वायर यूपीएसच्या खोक्यातच पडून असते. लॉगची कमाल मर्यादा वाढवा. २० एमबी भरले की जुन्या नोंदींवर नव्या चढतात, आणि वर्दळीच्या मशीनवर सिक्युरिटी लॉगचे २० एमबी दोन-चार दिवसांतही संपू शकतात. तिथे १८० दिवस कुठले? डिस्कवर जागा असताना १ जीबी द्यायला काहीच हरकत नाही. आणि महत्त्वाच्या मशीनांच्या नोंदी दुसऱ्या मशीनवर पाठवा. विंडोजमध्ये इव्हेंट फॉरवर्डिंगची सोय मुळातच आहे, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. नोंद पडल्यावर थोड्याच वेळात तिची प्रत दुसरीकडे गेलेली असते, मग मूळ फाइलचं काहीही होवो. गोळा करणारं मशीन शक्यतो दुसऱ्या यूपीएसवर ठेवा, नाहीतर दोन्ही एकाच वेळी जातील. त्या मशीनवर आलेल्या नोंदी ‘फॉरवर्डेड इव्हेंट्स’ या लॉगमध्ये पडतात आणि त्याचीही मर्यादा सुरुवातीला २० एमबीच असते, तेव्हा तिथेही जाऊन ती वाढवायची.